साडेआठचे सत्तेचाळीस: दातांच्या राष्ट्रीय पाहणीचा डेटा ऑनलाइन वाचताना

अमेरिकेत किती प्रौढांना पेरिओडॉन्टायटिस (हिरड्या आणि दात धरून ठेवणारं हाड खराब करणारा विकार) आहे, असं ऑनलाइन शोधलं तर दोन आकडे हमखास सापडतात. १९९९–२००४ च्या पाहणीवरून ८.५ टक्के आणि २००९–१० च्या पाहणीवरून ४७.२ टक्के. दोन्ही आकडे एकाच पाहणीचे, एनहेन्सचे. म्हणजे नॅशनल हेल्थ अँड न्यूट्रिशन एक्झॅमिनेशन सर्व्हेचे. हे दोन ठिपके रेषेने जोडले, तर मधल्या थोड्या वर्षांत देशभर हिरड्यांच्या विकाराची साथ आली असं दिसेल. तशी कुठलीही साथ आली नव्हती.

बदललं होतं ते मोजणं. ८.५ हा आकडा २० ते ६४ वयाच्या लोकांचा. ४७.२ हा ३० वर्षं आणि त्यापुढच्या सगळ्यांचा, म्हणजे विशीतले वगळून आणि म्हातारी माणसं धरून. पहिल्या वेळी तोंडाचे दोनच चतुर्थांश तपासले होते, एक वरचा आणि एक खालचा, यदृच्छेने निवडलेले. आणि दर दाताला दोन किंवा तीन जागी माप घेतलं होतं. दुसऱ्या वेळी अक्कलदाढा सोडून सगळे दात, दर दाताला सहा जागा. अठ्ठावीस दात शाबूत असतील तर १६८ जागा झाल्या. व्याख्याही निराळी. पहिल्या आकड्यासाठी एका तरी जागी ३ मिमी किंवा जास्त अटॅचमेंट लॉस (दाताला धरणाऱ्या ऊतींची पकड किती सुटली ते) आणि ४ मिमी किंवा जास्त खोल पॉकेट (दात आणि हिरडी यांच्यामधली फट) हवं होतं. दुसऱ्यासाठी सीडीसी (अमेरिकेची सरकारी सार्वजनिक आरोग्य संस्था) आणि अमेरिकन अकॅडमी ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजी यांची व्याख्या वापरली. तिच्यात दोन दातांमधल्या फटीकडच्या जागाच धरतात आणि तीव्रतेच्या पायऱ्या असतात. तीव्र म्हणायला किमान दोन वेगवेगळ्या दातांवर ६ मिमी किंवा जास्त अटॅचमेंट लॉस आणि शिवाय एका जागी ५ मिमी किंवा जास्त पॉकेट लागतं. मध्यमसाठी दोन वेगवेगळ्या दातांवर ४ मिमी लॉस, किंवा दोन वेगवेगळ्या दातांवर ५ मिमी पॉकेट.

अर्धं तोंड तपासलं की आकडा का घसरतो, हे मनातल्या मनात करून बघता येतं. रोग एकाच दाताभोवती असेल तर तो दात निवडलेल्या अर्ध्या भागात येण्याची शक्यता निम्मी. व्याख्येला दोन वेगळे दात लागत असतील तर दोन्ही त्याच भागात यायला हवेत, म्हणजे शक्यता आणखी कमी. ज्यांचं सगळं तोंडच बिघडलेलं आहे त्यांना फरक पडत नाही. सुरुवातीच्या टप्प्यातली माणसं मात्र मोठ्या संख्येने निसटतात. पुढे २००९–१४ ही सहा वर्षं एकत्र धरली तेव्हा आकडा सुमारे ४२ टक्के आला: ७.८ टक्के तीव्र आणि ३४.४ टक्के बाकीचे. हा आकडा ४७.२ शी ताडून बघता येतो, कारण पद्धत तीच राहिली.

दातांच्या पाहणीचा डेटा ऑनलाइन चाळताना माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ याच गोष्टीला द्यावा: कोणी, कोणाचे, कोणते दात, कशाने तपासले. आलेख काढायला दोन मिनिटं पुरतात.

आधी कुठल्या दारातून शिरायचं ते ठरवा

सीडीसीचं ओरल हेल्थ डेटा पोर्टल उघडलं की निर्देशक, ठिकाण आणि वर्ष निवडून तक्ता, आलेख किंवा नकाशा मिळतो. पानाची मांडणी अधूनमधून बदलते, म्हणून कुठलं बटण कुठे आहे ते लिहीत नाही. महत्त्वाचं हे की त्या एकाच छपराखाली वेगवेगळ्या स्रोतांचे आकडे शेजारी शेजारी बसलेले असतात आणि ते एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत.

'गेल्या वर्षभरात दंतवैद्याकडे गेला होतात का', '६५ च्या पुढे सगळे दात गेलेले', 'सहा किंवा जास्त दात गेलेले' हे राज्यवार आकडे बीआरएफएसएसचे, म्हणजे बिहेव्हियरल रिस्क फॅक्टर सर्व्हेलन्स सिस्टिमचे. ही १८ वर्षांवरच्या प्रौढांची टेलिफोनवरची पाहणी आहे. तोंड कोणीही बघत नाही. माणूस सांगेल ते लिहून घेतात. दातांबद्दलचे प्रश्न सम वर्षी विचारतात, त्यामुळे २०१३ किंवा २०१५ निवडलं आणि काही आलं नाही तर साइट बिघडलेली नाही. आणि २०११ पासून या पाहणीत मोबाइल फोन धरायला लागले आणि वेट (दर माणसाला हिशोबात दिलेलं वजन) काढायची रीत बदलली. म्हणून २०१० आणि २०१२ चे ठिपके एका रेषेवर ठेवू नका. पडलेल्या दातांच्या प्रश्नात कीड किंवा हिरड्यांच्या विकारामुळे काढलेले दातच मोजायला सांगतात. अपघातात पडलेले किंवा दात सरळ करताना काढलेले धरत नाहीत. एनहेन्समध्ये तपासनीस तोंडात बघून दात मोजतो. दोन्हीकडे शीर्षक 'दात गेलेले' असं दिसलं तरी मोजलेली वस्तू एक नाही.

तिसरीतल्या मुलांची कीड आणि सीलंट (कीड टाळायला दाढांवर बसवलेला लेप) यांचे राज्यवार आकडे तिसऱ्याच ठिकाणाहून येतात. राज्यं आपापल्या सवडीने शाळांमध्ये बेसिक स्क्रीनिंग सर्व्हे करतात. टॉर्च आणि आरसा, दर मुलामागे काही क्षण, आणि उत्तर हो किंवा नाही. राज्यागणिक शालेय वर्ष वेगळं असतं. नकाशात सगळी राज्यं एका रंगपट्टीवर दिसतात म्हणून ती एकाच वर्षाची वाटतात. राज्याच्या नावासोबतचं शालेय वर्ष वाचल्याशिवाय शेजारच्या राज्याशी तुलना करायला जाऊ नका.

याहून बारीक पातळी हवी असेल, काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) किंवा सेन्सस ट्रॅक्टची (जनगणनेसाठी पाडलेला छोटा भाग), तर प्लेसेस नावाचा सीडीसीचाच वेगळा प्रकल्प आहे. दंतवैद्याकडची भेट आणि ६५ च्या पुढे सगळे दात गेलेले, असे दोन्ही निर्देशक त्यात आहेत. पण ते आकडे मॉडेलमधून काढलेले आहेत. त्या ट्रॅक्टमध्ये पुरेशी माणसं विचारलेलीच नसतात. वय, वंश, शिक्षण वगैरेंवरून अंदाज बांधलेला असतो. एखाद्या भागात नवा दवाखाना सुरू झाला आणि त्याचा परिणाम प्लेसेसमध्ये शोधायचा म्हटलं तर तो दिसणार नाही, कारण मॉडेलला त्या दवाखान्याची खबरच नाही. स्थानिक उपक्रमाचं मूल्यमापन या आकड्यांवर करू नका, असं सीडीसी स्वतःच सांगते. हे वाक्य नियोजन करणाऱ्या प्रत्येकाने वाचायला हवं.

आणि देशाचं चित्र, तेही प्रत्यक्ष तोंड तपासून, हवं असेल तर एनहेन्स. इथे राज्यवार आकडा मिळत नाही. वर्षाला साधारण १५ काउंट्यांमध्ये फिरती तपासणी केंद्रं जातात आणि सुमारे ५,००० माणसं तपासली जातात. नमुना सगळ्या देशासाठी बेतलेला आहे.

एनहेन्सच्या पानावर काय आधी वाचायचं

पाहणी १९९९ पासून सतत चालू आहे (साथीतला खंड सोडून) आणि डेटा दोन-दोन वर्षांच्या फेऱ्यांनी प्रसिद्ध होतो. फेरी निवडा, मग 'एक्झॅमिनेशन' विभाग, त्यात 'ओरल हेल्थ'. तिथे डेटाच्या फाइलींशेजारी दर फाइलीची 'डॉक' फाइल असते. बहुतेक जण सरळ डेटा उतरवतात. तुम्ही आधी डॉक उघडा आणि त्यातले तीन भाग वाचा: 'एलिजिबल सँपल', 'प्रोटोकॉल' आणि 'अनॅलिटिक नोट्स'. पंधरा मिनिटं लागतात. कोडबुक, म्हणजे दर रकान्यातल्या कोडांचा अर्थ, नंतर.

एलिजिबल सँपलमध्ये वय कळतं. २००९–१४ मधली हिरड्यांची मापं ३० च्या पुढच्यांचीच आहेत, हे तिथेच समजतं. नाहीतर विशीतल्यांच्या रकान्यात रिकाम्या जागा बघून माणूस गोंधळतो. ज्यांना तपासणीआधी प्रतिजैविक घ्यावं लागलं असतं, म्हणजे हृदयाची कृत्रिम झडप बसवलेले, पूर्वी एंडोकार्डायटिस (हृदयाच्या आतल्या आवरणाचा संसर्ग) झालेले वगैरे, त्यांच्या हिरड्यांत प्रोब (खोली मोजायची बारीक सळई) घालत नाहीत. हृदयरोग आणि हिरड्या यांचा संबंध शोधायला बसलेल्यांसाठी ही बारीक ओळ फार मोठी आहे, कारण हृदयरोग्यांमधला एक गट हिरड्यांच्या फाइलीत येतच नाही.

प्रोटोकॉलमध्ये तपासणारा कोण ते कळतं, आणि ते फेरीगणिक बदललेलं आहे. १९९९–२००४ मध्ये दंतवैद्य होते आणि दाताच्या दर पृष्ठभागाची नोंद होती. २००५–०८ मध्ये आरोग्य तंत्रज्ञांनी साधी स्क्रीनिंग केली. किडलेला दात आहे की नाही, अशा साध्या नोंदी. २००९–१० मध्ये हिरड्यांची पूर्ण तपासणी डेंटल हायजिनिस्टनी केली. २०११ पासून पुन्हा दंतवैद्य आणि पृष्ठभागवार नोंद. आता 'उपचार न झालेली कीड, १९९९ ते २०१८' असा आलेख काढायचा असेल तर मधल्या फेऱ्यांचे ठिपके वेगळ्या चिन्हाने दाखवावे लागतील, नाहीतर गाळावे लागतील. मी गाळायच्या बाजूची आहे.

एक्स-रे कुठल्याच फेरीत नाही. दोन दाढांच्या मधली सुरुवातीची कीड नुसत्या डोळ्याला दिसत नाही, तेव्हा एनहेन्सचा किडीचा आकडा हा दवाखान्यात एक्स-रे काढून दिसणाऱ्या किडीपेक्षा कमीच असणार. पण दर फेरीत तो तसाच कमी असल्यामुळे तुलनेला चालतो. वृद्धाश्रमात किंवा अन्य संस्थेत राहणारी माणसं नमुन्यात नाहीत. सगळे दात गेलेल्या म्हाताऱ्यांचा आकडा वाचताना हे लक्षात ठेवायला हवं. २०११–१२ मध्ये ६५ च्या पुढच्यांत तो सुमारे १९ टक्के होता, आणि तो घरी राहणाऱ्यांचा आहे.

एकवीस, पन्नास आणि दुधाचे दात

मुलांच्या आकड्यांत सगळ्यात सोपी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक होते. सहा ते अकरा वयाच्या मुलांमध्ये किडीचं प्रमाण २०११–१२ च्या अहवालात २१ टक्के दिसतं. २०१५–१६ च्या अहवालात ५०.५ टक्के. दोन्ही एनहेन्सचे, दोन्ही एनसीएचएस (एनहेन्स चालवणारं नॅशनल सेंटर फॉर हेल्थ स्टॅटिस्टिक्स) या एकाच संस्थेने काढलेले, वयोगट तोच. फरक एवढाच की पहिला फक्त कायमच्या दातांचा आहे आणि दुसरा दुधाचे किंवा कायमचे, कुठल्याही दाताचा. या वयात तोंडात दोन्ही प्रकार असतात, आणि दुधाच्या दाढा तोपर्यंत बरीच वर्षं वापरून झालेल्या असतात, म्हणून बेरीज इतकी मोठी दिसते.

ऑनलाइन साधनात निर्देशकाच्या नावात 'प्रायमरी', 'पर्मनंट' किंवा 'प्रायमरी ऑर पर्मनंट' यांतलं काय आहे ते बघितल्याशिवाय आकडा उचलू नका. दुसरी जोडीही अशीच आहे: 'केरीज एक्स्पीरियन्स' आणि 'अनट्रीटेड केरीज'. पहिल्यात भरलेला दातही येतो, दुसऱ्यात फक्त उपचाराविना राहिलेली कीड. २०१५–१६ मध्ये २ ते १९ वयात पहिला आकडा ४५.८ टक्के होता आणि दुसरा १३ टक्के. पहिला सांगतो की रोग किती मुलांपर्यंत पोचला. दुसरा सांगतो की उपचार किती मुलांपर्यंत पोचले नाहीत. मुलांसाठी काम करणाऱ्यांनी दोन्ही शेजारी मांडावेत. एकट्या दुसऱ्या आकड्यावर समाधान मानलं तर भरलेल्या दातांमागचा रोग नजरेआड होतो.

प्रौढांमध्ये पहिला आकडा जवळपास छताला टेकलेला आहे. २०११–१२ मध्ये २० ते ६४ वयाच्या ९१ टक्के लोकांना कधी ना कधी कीड लागलेली होती. २७ टक्क्यांची कीड उपचाराविना होती. ९१ हा आकडा गटागटांतला फरक दाखवायला कामाचा नाही, कारण सगळे गट वरच दाटलेले असतात. गरीब आणि श्रीमंत यांच्यातली दरी बघायची तर उपचाराविना कीड किंवा गेलेले दात घ्या.

फाइल उतरवल्यावर

तयार तक्त्यात हवा तो वयोगट नसतो, तेव्हा मूळ फाइल उतरवावी लागते. फाइल एसएएस ट्रान्सपोर्ट प्रकारची असते. आर, पायथन, स्टाटा, एसपीएसएस सगळ्यांत उघडते. आरमध्ये एनहेन्स-ए नावाचं पॅकेज आहे, ते फाइलीचं नाव दिलं की थेट आणून देतं. त्याच्या नव्या आवृत्त्या कोडच्या जागी शब्द भरून देतात. तुमच्या सूत्रात '२' शोधत असाल आणि फाइलीत त्या जागी वाक्य असेल तर उत्तर शून्य येईल. तेव्हा भाषांतराचा पर्याय बंद करून घ्या.

लोकसंख्येची माहिती वेगळ्या फाइलीत, तपासणी वेगळ्या, प्रश्नावली आणखी वेगळ्या. दर माणसाला एक क्रमांक असतो, एसईक्यूएन, त्यावर फाइली जोडायच्या. जोडताना लोकसंख्येची फाइल मूळ धरा आणि बाकीच्या तिला चिकटवा. उलटं केलं तर तपासणी न झालेली माणसं गळतात, आणि पुढे स्टँडर्ड एरर (आकड्यातली अनिश्चितता) काढताना नमुन्याची पूर्ण रचना हाताशी राहत नाही. त्याच कारणासाठी एखादा वयोगट हवा असला तरी बाकीच्या ओळी पुसून टाकू नका. सर्व्हे पॅकेजमधला उपगटाचा आदेश वापरा.

दातांचे क्रमांक अमेरिकन पद्धतीचे, १ ते ३२ असे सलग आहेत. १ म्हणजे वरची उजवी अक्कलदाढ, १६ वरची डावी, १७ खालची डावी, ३२ खालची उजवी. दोन अंकी एफडीआय (आंतरराष्ट्रीय) पद्धतीत शिकलेल्यांनी आधी तक्ता करून समोर ठेवावा. पहिल्या कायमच्या दाढा, म्हणजे एफडीआयच्या १६, २६, ३६, ४६, इथे ३, १४, १९, ३० होतात. एफडीआयचा १६ म्हणजे पहिली दाढ आणि इथला १६ म्हणजे अक्कलदाढ. हा घोटाळा गुपचूप होतो, कारण संगणक कुठलीही चूक दाखवत नाही.

दात आहे की नाही याच्या रकान्यात १ म्हणजे दुधाचा दात, २ कायमचा, ३ इम्प्लांट, ४ दात नाही, ५ मुळाचा तुकडा, ९ बघता आलं नाही. 'नैसर्गिक दात किती' हे काढताना '४ सोडून सगळे' असं सूत्र लिहिलं तर इम्प्लांट, तुटकी मुळं आणि न बघता आलेले दातही मोजले जातात. १ आणि २ एवढेच घ्या.

किडीच्या रकान्यात अक्षरं आहेत. कायमच्या दातांसाठी एस म्हणजे शाबूत, झेड किडलेला, एफ भरलेला, ई रोगामुळे गेलेला, एम दुसऱ्या कारणाने गेलेला. डीएमएफटी (किडलेल्या, गेलेल्या आणि भरलेल्या दातांची बेरीज) काढताना गेलेल्या दातांत फक्त ई मोजणं ही नेहमीची चूक आहे. रोगामुळे गेला पण त्या जागी काढता-घालता येणारा दात बसवला असेल तर पी, आणि ब्रिजसारखा पक्का बसवला असेल तर आर लिहितात. हे दोन्ही विसरलात तर ज्यांना कृत्रिम दात परवडले त्यांचेच गेलेले दात कमी दिसतील, आणि उत्पन्नागणिक दिसणारी दरी फसवी निघेल. दुधाच्या दातांची अक्षरं वेगळी आहेत. ती कोडबुकातून घ्या आणि दुधाच्या व कायमच्या दातांची बेरीज निरनिराळी ठेवा.

किडीची तपासणी अक्कलदाढा सोडून २८ दातांची आहे. पृष्ठभागांवर हिशोब करायचा तर बारा पुढच्या दातांचे चार-चार आणि सोळा मागच्यांचे पाच-पाच, म्हणजे ४८ अधिक ८०, एकूण १२८. डीएमएफएस (तीच बेरीज, पण पृष्ठभागांची) १२८ च्या वर गेला की सूत्रात कुठेतरी अक्कलदाढ शिरली आहे किंवा पुढच्या दातांना पाच पृष्ठभाग धरले गेले आहेत.

हिरड्यांच्या फाइलीत माप मिलिमीटरमध्ये असतं आणि जिथे मोजता आलं नाही तिथे ९९. सरासरी काढायच्या आधी सगळे ९९ रिकामे करा. राहिले तर ९९ मिमी खोल पॉकेट असलेली माणसं तयार होतात. सरासरीत ते निदान लक्षात येतं. '५ मिमी किंवा जास्त' अशा अटीत मात्र ते शांतपणे 'होय' बनतात आणि रोगाचं प्रमाण फुगतं. कमाल मूल्य बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही सवय इथे फार उपयोगी पडते.

वेट

एनहेन्समध्ये काही गट मुद्दाम जास्त निवडलेले असतात, म्हणजे त्यांच्याबद्दल बोलता येईल इतकी माणसं हाती लागावीत: हिस्पॅनिक, कृष्णवर्णीय, २०११ पासून आशियाई, आणि कमी उत्पन्नाचे काही गट. कीडही या गटांमध्ये सारखी नाही. म्हणून साधी टक्केवारी काढली तर तो देशाचा आकडा नसतो. दर माणसाचं वेट म्हणजे तो देशातल्या किती जणांच्या वतीने उभा आहे ती संख्या.

वेट दोन असतात. २०१७–१८ मध्ये ९,२५४ जणांची मुलाखत झाली आणि ८,७०४ जण तपासणी केंद्रात आले. फक्त मुलाखतीचे प्रश्न वापरत असाल तर मुलाखतीचं वेट. तपासणीतला एकही रकाना वापरलात की तपासणीचं. दोन्ही मिसळत असाल तर ज्या टप्प्यावर माणसं सर्वांत कमी उरली त्याचं वेट, म्हणजे तपासणीचंच.

दोन फेऱ्या जोडल्या की वेट दोनाने भागायचं, तीन जोडल्या की तीनाने. १९९९–२००२ साठी चार वर्षांचं वेगळं वेट दिलेलं आहे, कारण आधीच्या फेरीचं वेट जुन्या जनगणनेवर आधारलेलं होतं. तिथे भागाकार करू नका. २०१९ ला सुरू झालेली फेरी मार्च २०२० मध्ये साथीमुळे थांबली, म्हणून २०१७ ते मार्च २०२० अशी ३.२ वर्षांची एकत्र फाइल काढली आहे. तिच्यात २०१७–१८ ची माणसं आहेतच; ती फेरी सोबत पुन्हा जोडली तर तीच माणसं दोनदा मोजली जातील. ही फाइल २०१५–१६ शी जोडायची असेल तर २०१५–१६ चं वेट २ भागिले ५.२ ने गुणायचं आणि एकत्र फाइलीचं ३.२ भागिले ५.२ ने.

दोन आकड्यांत फरक आहे का

पोर्टलवर दर आकड्यासोबत कॉन्फिडन्स इंटरव्हल असतो, म्हणजे खरा आकडा ज्यात असावा असा पट्टा. 'दोन्हींचे इंटरव्हल एकमेकांवर चढतात, म्हणजे फरक नाही' असं सर्रास लिहिलं जातं. ते बरोबर नाही. उदाहरणासाठी घेतलेले आकडे बघा. एका गटात २६ टक्के, इंटरव्हल २३ ते २९. दुसऱ्यात २१ टक्के, इंटरव्हल १८.५ ते २३.५. दोन्ही २३ ते २३.५ मध्ये चढतात. आता इंटरव्हलची रुंदी ३.९२ ने भागा: पहिल्याचा स्टँडर्ड एरर १.५३, दुसऱ्याचा १.२८. दोन्हींचे वर्ग करून बेरजेचं वर्गमूळ घ्या, सुमारे २ येतं. फरक ५, त्याला २ ने भागलं की २.५. साधारण १.९६ च्या वर गेलं की फरक खरा मानतात. एनहेन्सच्या एका फेरीत प्राथमिक नमुना घटक (आधी निवडलेल्या काउंट्या) थोडे असतात, स्वातंत्र्यांश (डिग्रीज ऑफ फ्रीडम) पंधराच्या आसपास राहतात, म्हणून १.९६ ऐवजी २.१३ ची कसोटी लावणं योग्य. २.५ तिच्याही वर आहे. हा हिशोब दोन वेगळ्या गटांसाठी चालतो. एक गट दुसऱ्याचाच भाग असेल, उदाहरणार्थ मुली विरुद्ध सगळी मुलं, तर चालत नाही.

उपगट बारीक करत गेलं की एका टप्प्यावर आकड्याच्या जागी चिन्ह किंवा रिकामी जागा येते. एनसीएचएसने २०१७ मध्ये टक्केवारीसाठी नियम घालून दिले: किमान ३० माणसं हवीत, इंटरव्हलची रुंदी ३० टक्के-बिंदू किंवा जास्त असेल तर आकडा छापायचा नाही, ५ किंवा कमी असेल तर चालेल, मधल्या पट्ट्यात रुंदी मूळ आकड्याच्या १३० टक्क्यांहून मोठी असेल तर नाही. उतरवलेल्या सीएसव्हीत ही जागा नुसती रिकामी असते आणि कित्येक स्प्रेडशीट तिला शून्य समजून सरासरीत घेतात. तळटिपेचा रकाना त्यासाठीच असतो. तो सोबत ठेवा.

वय-समायोजित आणि साधी टक्केवारी या दोन्ही दिसत असतील तर प्रश्न विचारून निवडा. खुर्च्या, दंतवैद्य, पैसा यांचं नियोजन करायचं असेल तर साधी, कारण माणसं आहेत तितकीच येणार. दोन राज्यांची किंवा दोन काळांची तुलना असेल तर समायोजित, नाहीतर जिथे म्हातारे जास्त तिथे दात जास्त गेलेले दिसतील आणि दोष त्या राज्याच्या माथी जाईल.

काम सुरू करायची माझी सुचवणी

स्वतःचा प्रश्न विचारायच्या आधी छापलेला एक आकडा पुन्हा काढून बघा. २०१५–१६ ची फेरी, २ ते १९ वय, दुधाच्या किंवा कायमच्या दातांत कधीही कीड: ४५.८ टक्के यायला हवेत. एनसीएचएसच्या त्या छोट्या अहवालाच्या शेवटी व्याख्या दिली आहे, ती शब्दशः पाळा. उत्तर खूपच कमी आलं तर तुम्ही बहुधा फक्त कायमचे दात धरले आहेत. थोडंसं कमी आलं तर दातांची तपासणी न झालेली मुलं भाजकात राहिली असतील. तपासणीच्या स्थितीचा रकाना पाहून ती बाजूला काढा. काही टक्क्यांनी इकडे-तिकडे झालं तर वेट लागलंच नाही. टक्केवारी जुळली पण इंटरव्हल फारच अरुंद आला तर वेट लागलं, मात्र स्तर (नमुना निवडण्याआधी पाडलेले गट) आणि प्राथमिक नमुना घटक यांचे रकाने सर्व्हे पॅकेजला द्यायचे राहिले. हे चार तपास संपेपर्यंत दुसरा आकडा काढू नका. त्या आकड्याचं बरोबर-चूक ठरवायला तुमच्याकडे काहीच नसेल.